टेनपिन बोलिंगचा स्कोअर कसा मोजतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मॉलमधल्या बोलिंग लेनवर स्क्रीन आपोआप आकडे दाखवते, त्यामुळे हिशेब शिकायची गरज फारशी कुणाला वाटत नाही. पण दहाही पिना पाडल्यावर आपल्या चौकटीत आकडाच उमटत नाही, किंवा शेजारचा भिडू आपल्याहून कमी पिना पाडून पुढे निघून जातो, तेव्हा प्रश्न पडू लागतात. हा हिशेब कागद-पेन्सिल घेऊन एकदा तरी हाताने करावा, असे आमचे ठाम मत आहे. त्याशिवाय यंत्राची चूक ओळखता येत नाही आणि पुढचा बॉल कसा टाकायचा हेही नीट ठरवता येत नाही.

एका गेममध्ये किती फ्रेम, किती बॉल?

एक गेम १० फ्रेमचा असतो. प्रत्येक फ्रेमच्या सुरुवातीला १० पिना उभ्या असतात आणि त्या पाडायला तुम्हाला जास्तीत जास्त दोन बॉल मिळतात. पहिल्याच बॉलने सगळ्या पडल्या तर ती फ्रेम तिथेच संपते, दुसरा बॉल टाकायचा नसतो. दहाव्या फ्रेमचे नियम थोडे वेगळे आहेत, ते पुढे येतील. त्यामुळे एका गेममध्ये कमीत कमी ११ आणि जास्तीत जास्त २१ बॉल टाकले जातात.

पिनांना १ ते १० क्रमांक दिलेले असतात. सर्वांत पुढची १, तिच्यामागे २ आणि ३, मग ४-५-६ आणि शेवटच्या रांगेत डावीकडून ७-८-९-१०. फाउल लाइनपासून (बॉल टाकताना जी ओलांडायची नसते ती रेषा) १ नंबरच्या पिनेपर्यंतचे अंतर ६० फूट असते. या क्रमांकांचा गुणांशी काही संबंध नाही. कोणतीही पिन पडली तरी तिचा एकच गुण.

स्क्रीनवरची चिन्हे कशी वाचायची?

प्रत्येक फ्रेमच्या चौकटीत वर दोन लहान घरे असतात आणि खाली एक मोठा आकडा. लहान घरांत त्या-त्या बॉलने पाडलेल्या पिना, खाली तोपर्यंतची एकूण बेरीज. खालचा आकडा त्या एका फ्रेमचा नसतो, सुरुवातीपासूनचा असतो. नवख्यांचा पहिला गोंधळ इथेच होतो.

फुली (×) म्हणजे स्ट्राइक, पहिल्याच बॉलने दहाही पिना. तिरकी रेघ (/) म्हणजे स्पेअर, दोन बॉल मिळून दहा. आडवी रेघ (-) म्हणजे त्या बॉलने एकही पिन पडली नाही, मग तो गटरमध्ये (लेनच्या कडेच्या पन्हळीत) गेला असो वा पिनांच्या बाजूने निघून गेला असो. काही यंत्रे गटरसाठी इंग्रजी 'जी' दाखवतात. इंग्रजी 'एफ' म्हणजे फाउल. आकड्याभोवती गोल दिसला तर पहिल्या बॉलनंतर स्प्लिट (१ नंबरची पिन पडून बाकीच्यांत मोकळी जागा) उरला होता असे समजावे. दोन्ही बॉल टाकूनही पिना उरल्या तर तिला ओपन फ्रेम म्हणतात.

ओपन फ्रेमचे गुण किती?

पडल्या तेवढ्या पिना. ७ आणि २ पडल्या तर ९. यात बोनस नाही.

स्पेअरचे गुण कसे धरतात?

१० अधिक पुढच्या एका बॉलने पाडलेल्या पिना. समजा दुसऱ्या फ्रेममध्ये ८ आणि मग उरलेल्या २ पाडल्या, आणि तिसऱ्या फ्रेमच्या पहिल्या बॉलने ६ पडल्या. दुसऱ्या फ्रेमचे गुण १० + ६ = १६. ते ६ गुण तिसऱ्या फ्रेममध्येही पुन्हा मोजले जातातच. म्हणजे स्पेअरनंतरचा बॉल दोनदा कामी येतो.

इथे नेहमी होणारी चूक म्हणजे पुढची संपूर्ण फ्रेम बोनसमध्ये धरणे. स्पेअरला फक्त एकच बॉल मिळतो. म्हणून स्पेअरच्या फ्रेमचे गुण १० पेक्षा कमी आणि २० पेक्षा जास्त होऊच शकत नाहीत.

आणि स्ट्राइकचे?

१० अधिक पुढचे दोन बॉल. पुढच्या दोन फ्रेम नव्हेत, दोन बॉल. पुढच्या फ्रेममध्ये तुम्ही ६ आणि ३ पाडल्या तर स्ट्राइकची फ्रेम १० + ६ + ३ = १९. पुढची फ्रेम स्पेअर असेल तर १० + १० = २०, पहिल्या बॉलला कितीही पडल्या असल्या तरी.

लागोपाठ दोन स्ट्राइक, म्हणजे डबल, लागले की पुढच्या दोन बॉलांपैकी पहिला बॉल लगेचच्या फ्रेममध्ये असतो आणि दुसरा त्यापुढच्या फ्रेममध्ये. दोन स्ट्राइकनंतर ९ पाडल्या तर पहिल्या स्ट्राइकची फ्रेम १० + १० + ९ = २९. तिसराही स्ट्राइक असेल तर ३०, आणि एका फ्रेमचे कमाल गुण तेवढेच. लागोपाठ तीन स्ट्राइकना टर्की म्हणतात.

स्ट्राइक मारला तरी माझ्या चौकटीत आकडा का येत नाही?

कारण त्या फ्रेमचा हिशेब अजून पूर्ण झालेला नाही. पुढचे दोन बॉल पडेपर्यंत तिचे गुण ठरतच नाहीत. स्पेअरनंतर एक बॉल थांबावे लागते. डबलनंतर तर दोन-दोन चौकटी रिकाम्या दिसतात. यंत्र बिघडलेले नसते आणि गुण हरवलेलेही नसतात. म्हणून खेळ मध्यावर असताना स्क्रीनवरच्या आकड्यांवरून कोण पुढे आहे हे सांगणे धोक्याचे असते. ८६ दिसणारा भिडू दोन स्ट्राइक हातात घेऊन उभा असेल, तर ११० दिसणाऱ्यापेक्षा तो प्रत्यक्षात पुढे असू शकतो.

एक पूर्ण गेम मोजून दाखवता का?

खाली प्रत्येक फ्रेमचे बॉल, त्या फ्रेमचे गुण आणि शेवटी चालू बेरीज दिली आहे.

१ली: ७, २. गुण ९. बेरीज ९.
२री: ८, /. गुण १० + १० (तिसऱ्यातला स्ट्राइक) = २०. बेरीज २९.
३री: ×. गुण १० + ६ + ३ = १९. बेरीज ४८.
४थी: ६, ३. गुण ९. बेरीज ५७.
५वी: ×. गुण १० + १० + ९ = २९. बेरीज ८६.
६वी: ×. गुण १० + ९ + १ = २०. बेरीज १०६.
७वी: ९, /. गुण १० + ० = १०. बेरीज ११६.
८वी: -, ८. गुण ८. बेरीज १२४.
९वी: ७, /. गुण १० + १० = २०. बेरीज १४४.
१०वी: ×, ८, १. गुण १९. बेरीज १६३.

या गेममध्ये प्रत्यक्ष पडलेल्या पिना १०५ आहेत. उरलेले ५८ गुण निव्वळ बोनसचे. सातवी फ्रेम मुद्दाम पाहा. स्पेअर झाला, पण आठव्याचा पहिला बॉल गटरमध्ये गेल्यामुळे त्याचा बोनस शून्य. आठव्यातल्या त्या ८ पिना पहिल्याच बॉलने पडल्या असत्या, तर आठव्या फ्रेमचे गुण तेवढेच राहिले असते, पण सातव्या फ्रेमला ८ जास्त मिळाले असते. स्पेअरनंतरचा पहिला बॉल सांभाळून टाकायचा तो याचसाठी.

दहाव्या फ्रेममध्ये तीन बॉल का मिळतात?

दहाव्या फ्रेमनंतर पुढची फ्रेम नसते, मग तिथल्या स्ट्राइकचा किंवा स्पेअरचा बोनस येणार कुठून? म्हणून ते जादा बॉल त्याच फ्रेममध्ये दिले जातात. पहिल्या बॉलला स्ट्राइक लागला तर आणखी दोन बॉल, दोन बॉलांत स्पेअर झाला तर आणखी एक, आणि ओपन राहिली तर गेम दोन बॉलांत संपला.

इथे बेरीज सरळ आहे. तिन्ही बॉलांच्या पिना मिळवायच्या. ×, ×, × म्हणजे ३०. ८, /, ९ म्हणजे १९. ×, ७, / म्हणजे २०. दहाव्यात ×, ×, × लागल्यावर पहिल्याला ३०, दुसऱ्याला २०, तिसऱ्याला १० असे धरून ६० करणारे लोक भेटतात. ते चूक आहे. जादा बॉल आधीच्या स्ट्राइकचा बोनस म्हणून दिलेले असतात, त्यांना स्वतःचा बोनस नसतो.

दोन बारकावे. दहाव्यात पहिला स्ट्राइक लागला आणि दुसऱ्या बॉलने ७ पडल्या, तर तिसरा बॉल उरलेल्या ३ पिनांवरच टाकायचा, नवा संच मिळत नाही. आणि नवव्या फ्रेमला स्ट्राइक असेल तर दहाव्यातले पहिले दोन बॉल नवव्याच्या बोनसमध्ये जातात. तिसरा कधीच जात नाही.

सर्वाधिक ३०० कसे? दहा फ्रेम आणि दहा पिना तर १०० होतात.

१० फ्रेम, प्रत्येकी ३०. त्यासाठी लागोपाठ १२ स्ट्राइक लागतात, नऊ फ्रेमचे नऊ आणि दहाव्यातले तीन. यालाच परफेक्ट गेम म्हणतात. ११ स्ट्राइकनंतर शेवटच्या बॉलने जेवढ्या पिना पडतील तेवढे २९० मध्ये मिळवायचे. म्हणून २९९ हा स्कोअर शक्य आहे, आणि एका पिनेने हुकलेले असे गेम खेळले गेलेही आहेत. अमेरिकेत देशभर दूरचित्रवाणीवर दाखवलेला पहिला परफेक्ट गेम जॅक बियोंडोलिलो यांनी १९६७ मध्ये ॲक्रन इथे टूर्नामेंट ऑफ चॅम्पियन्समध्ये खेळला.

पहिला बॉल गटरमध्ये गेला आणि दुसऱ्याने दहाही पिना पडल्या. हा स्ट्राइक ना?

नाही, स्पेअर. नोंद (-, /) अशी होते आणि बोनस पुढच्या एकाच बॉलचा. स्ट्राइक फक्त फ्रेमच्या पहिल्या बॉललाच मिळतो. दहाव्या फ्रेममध्ये मात्र पिनांचा नवा पूर्ण संच समोर असेल तेव्हा जादा बॉललाही फुली लिहितात.

एकच चूक झाली, तरी ती कोणत्या फ्रेममध्ये झाली याने फरक पडतो का?

खूप पडतो. समजा बाकी सगळे स्ट्राइक आहेत आणि फक्त एका फ्रेममध्ये ९ आणि मग स्पेअर झाला. हे पहिल्या फ्रेममध्ये झाले तर गेम २९०. तोच ९-स्पेअर दहाव्या फ्रेममध्ये आला आणि शेवटचा जादा बॉल स्ट्राइक गेला तरी गेम २७९. कारण पहिल्या फ्रेमच्या मागे बिघडवायला काही नसते. दहाव्यात मात्र आठव्या फ्रेमचे ३० चे २९ होतात, नवव्याचे ३० चे २०, आणि दहाव्याचेही २०.

स्पेअरही न होता ९ वर ओपन राहिली तर? पहिल्या फ्रेममध्ये २७९. पाचव्यात २६७: तिसरी २९, चौथी १९, पाचवी ९. म्हणजे ओपन फ्रेमच्या मागे स्ट्राइकची रांग असेल तेव्हा नुकसान सर्वांत मोठे होते. टर्कीनंतर एखादी अवघड पिन उरली तर तिच्यावर नेहमीपेक्षा दुप्पट लक्ष द्या, असे प्रशिक्षक सांगतात ते याच हिशेबामुळे.

आम्हा दोघांचे स्ट्राइक सारखेच, तरी माझा स्कोअर कमी कसा?

तुमचे स्ट्राइक सुटे-सुटे असतील. सहा फ्रेम घ्या. एकाने ×, ×, × आणि मग तीन वेळा (९, -) खेळले: ३० + २९ + १९ + ९ + ९ + ९ = १०५. दुसऱ्याने ×, (९, -), ×, (९, -), ×, (९, -) असे आलटून-पालटून खेळले: प्रत्येक जोडीचे १९ + ९ = २८, तीन जोड्यांचे ८४. पडलेल्या पिना दोघांच्याही ५७. फरक २१ गुणांचा. ही पद्धत सलग चांगल्या बॉलांना जास्त मोल देते, आणि आमच्या मते बोलिंगच्या हिशेबाचे सगळे सौंदर्य इथेच आहे.

मग मी स्ट्राइकच्या मागे लागू की स्पेअरच्या?

तुमचा स्कोअर १५० च्या खाली असेल तर निःसंशय स्पेअरच्या. आकडे पाहा. प्रत्येक फ्रेममध्ये ९ पाडून उरलेली एक पिन सोडली तर गेम ९०. तीच एक पिन प्रत्येक वेळी पाडली आणि शेवटच्या जादा बॉललाही ९ पाडल्या तर गेम १९०, एकही स्ट्राइक न मारता. दर फ्रेमला एक पिन, आणि फरक शंभराचा. पहिल्या बॉलला सरासरी पाचच पिना पाडणारा माणूसही सगळे स्पेअर करून १५० ला पोचतो.

स्ट्राइक आणि स्पेअर आलटून-पालटून आले तर प्रत्येक फ्रेमचे बरोबर २० होतात आणि गेम २००. याला डच २०० म्हणतात. सुरुवात स्ट्राइकने केली काय किंवा स्पेअरने, उत्तर तेच येते.

कोपऱ्यातल्या पिनांसाठी एक साधी गोष्ट करा. उजव्या कोपऱ्यातली १० नंबरची पिन उरली तर डावीकडे उभे राहून लेनवर तिरका बॉल टाका, ७ नंबरची उरली तर उजवीकडून. सरळ कडेने टाकलेला बॉल थोडा हलला तरी गटरमध्ये जातो. तिरक्या बॉलला लेनची बरीच रुंदी वापरायला मिळते.

स्प्लिट उरला तर गुण वेगळे असतात का?

नाही. १ नंबरची पिन पडलेली आणि उरलेल्या पिनांमध्ये मोकळी जागा, म्हणजे स्प्लिट. दोन्ही कोपऱ्यांतल्या ७-१० पासून जवळच्या ३-१० किंवा २-७ पर्यंत त्याचे अनेक प्रकार आहेत. स्प्लिट पाडला तरी तो साधा स्पेअरच, गुण तेवढेच. गोल फक्त नोंदीसाठी. ७-१० सारखा स्प्लिट उरला तर एक पिन नक्की घ्यावी. दोन्हींच्या नादात दोन्ही सुटतात आणि तोच एक गुण शेवटी कमी पडतो.

कोणत्या पिना पडल्या असे धरतात?

बॉलने पाडलेल्या, दुसऱ्या पिनेने पाडलेल्या, आणि बाजूच्या भिंतीवर किंवा मागच्या पडद्यावर आपटून परत आलेल्या पिनेने पाडलेल्या, सगळ्या धरतात. बाजूच्या भिंतीला टेकून तिरकी उभी राहिलेली पिनही पडलेलीच. उलट, एखादी पिन लेनबाहेर जाऊन उसळून परत आली आणि लेनवर उभी राहिली तर ती उभीच मोजतात. डुलत-डुलत पुन्हा स्थिर झालेली पिन उभी. जागेवरून सरकली पण उभी आहे, तर तिथेच उभी, आणि दुसरा बॉल तिच्या नव्या जागेवर टाकायचा.

काय धरत नाहीत? गटरमध्ये जाऊन उसळून परत लेनवर आलेल्या बॉलने पाडलेल्या पिना. मागच्या पडद्यावर आपटून परत आलेल्या बॉलने पाडलेल्या पिना. आणि यंत्राचा झाडणारा दांडा किंवा पिना उचलणारे यंत्र हलताना पाडलेल्या पिना. ती पिन परत जागेवर उभी करायला सांगायची असते.

बॉल टाकण्यापूर्वी समोरच्या संचावर एक नजर टाका. एखादी पिन सरकून बसली असेल आणि तुम्ही तसाच बॉल टाकलात, तर स्पर्धेत तो बॉल आणि पडलेल्या पिना ग्राह्य धरतात. संच बरोबर आहे की नाही हे पाहणे खेळाडूचे काम आहे.

फाउल झाला तर?

बॉल टाकताना किंवा टाकल्यावर शरीराचा कोणताही भाग फाउल लाइनला लागला किंवा तिच्यापलीकडच्या भागाला टेकला की फाउल. त्या बॉलने पाडलेल्या पिना शून्य, पण बॉल मात्र टाकला गेला असे धरतात. पहिल्या बॉलला फाउल झाला तर दहाही पिना पुन्हा उभ्या करून दुसरा बॉल टाकायचा, आणि त्याने सगळ्या पडल्या तर स्पेअर. दुसऱ्या बॉलला फाउल झाला तर पहिल्या बॉलचेच गुण उरतात.

मॉलमधल्या अनेक लेनवर फाउलचा सेन्सर बंद ठेवलेला असतो. तरीही रेषा ओलांडू नका. पलीकडे लेनवर तेल लावलेले असते आणि पाय सरळ निसटतो.

स्क्रीनवर चुकीचा आकडा आला. काय करावे?

सर्वांत आधी पुढचा बॉल टाकू नका. स्कोअर यंत्र पिनांकडे रोखलेल्या कॅमेऱ्यावरून किंवा पिना लावणाऱ्या यंत्राकडून आलेल्या माहितीवरून मोजते. डुलणारी पिन, भिंतीला टेकलेली पिन, फार हळू गेलेला बॉल यांत त्याची फसगत होते. काउंटरवर किंवा लेनवरच्या कर्मचाऱ्याला सांगितले की तो फ्रेम दुरुस्त करून देतो. कोणती फ्रेम, कितवा बॉल, प्रत्यक्षात किती पिना पडल्या, या तीन गोष्टी सांगा. आधीचा एकच आकडा दुरुस्त केला की त्यामागच्या स्ट्राइक-स्पेअरचे बोनसही आपोआप बदलतात, त्यामुळे बेरीज अपेक्षेहून जास्त हलली तर घाबरू नका.

दुसऱ्याच्या पाळीला बॉल टाकणे हा गटाने खेळताना रोजचाच घोळ. स्क्रीनवर ज्याचे नाव उजळलेले असते त्याच्या खात्यात गुण जातात. लक्षात येताच थांबून दुरुस्त करून घ्या. "पुढच्या वेळी उलट टाकू" अशी तडजोड केली की बोनस भलत्याच माणसाला जातात आणि गेमअखेर काहीच जुळत नाही.

पिनांना दोऱ्या बांधलेल्या लेनवर स्कोअरची पद्धत वेगळी असते का?

मोजण्याची पद्धत तीच. पण पिनांची हालचाल वेगळी असते. दोरीमुळे पिन मोकळी लोळत नाही, तर कधी एका पिनेची दोरी दुसरीला ओढून पाडते. म्हणून दोन्ही प्रकारच्या लेनवरच्या स्कोअरची थेट तुलना करू नये. अमेरिकेतल्या युनायटेड स्टेट्स बोलिंग काँग्रेसने २०२३ मध्ये दोरीवरच्या बोलिंगला मान्यता दिली ती स्वतंत्र प्रकार म्हणूनच.

स्क्रीनवरचा 'कमाल शक्य स्कोअर' म्हणजे काय?

इथून पुढे सगळे स्ट्राइक मारले तर जास्तीत जास्त किती होईल, तो आकडा. सुरुवातीला ३००. पहिल्या फ्रेममध्ये स्पेअर झाला की २९०, ९ वर ओपन राहिली की २७९. दोघांत चुरस असेल तर शेवटच्या दोन-तीन फ्रेममध्ये हाच आकडा उपयोगी पडतो. समोरच्याचा कमाल आकडा तुमच्या पक्क्या गुणांहून कमी झाला की तुम्ही जिंकलात.

सरासरी आणि हँडिकॅप कसा काढतात?

सरासरी म्हणजे एकूण गुण भागिले गेम, अपूर्णांक सोडून. ९ गेममध्ये १,२५६ गुण झाले तर १३९.५५, म्हणून सरासरी १३९.

हँडिकॅप म्हणजे कमी सरासरीच्या खेळाडूला दर गेमला मिळणारे वाढीव गुण. एक आधार आकडा ठरवतात आणि त्यातून सरासरी वजा करून ठरलेले टक्के घेतात. आधार आणि टक्के प्रत्येक लीग स्वतः ठरवते. समजा आधार २०० आणि ९० टक्के. सरासरी १३२ असेल तर फरक ६८, त्याचे ९० टक्के ६१.२, म्हणजे ६१ गुण. सरासरी १७५ असेल तर २२. आता पहिल्याने १४१ मारले तर २०२, दुसऱ्याने १७६ मारले तर १९८. पहिला जिंकला, आणि ते योग्यच आहे, कारण तो स्वतःच्या सरासरीहून ९ गुण वर खेळला आणि दुसरा फक्त १.

सीरिज म्हणजे काय?

लीगमध्ये बहुधा लागोपाठ तीन गेमची बेरीज. कमाल ९००, म्हणजे सलग ३६ स्ट्राइक. कॅलिफोर्नियातल्या ला हाब्रा इथे ग्लेन ॲलिसन यांनी १ जुलै १९८२ रोजी ९०० केले, पण लेनवरच्या तेलाची स्थिती नियमात बसत नाही म्हणून तेव्हाच्या अमेरिकन बोलिंग काँग्रेसने त्याला मान्यता दिली नाही. मान्यता मिळालेले पहिले ९०० जेरेमी सोनेनफेल्ड यांचे, २ फेब्रुवारी १९९७, नेब्रास्कातल्या लिंकन शहरात.

पाच जण मिळून एकच गेम खेळतात, तो कसा?

तो बेकर प्रकार. पहिला खेळाडू १ली आणि ६वी फ्रेम, दुसरा २री आणि ७वी, असे करत पाचवा ५वी आणि १०वी. स्कोअर नेहमीच्याच पद्धतीने. एकाच्या स्ट्राइकचा बोनस दुसऱ्याच्या बॉलवर ठरतो. ऑफिसच्या गटांनी हा प्रकार जरूर खेळून पाहावा, कारण यात प्रत्येकाला प्रत्येकाच्या बॉलमध्ये रस असतो.

काही आंतरराष्ट्रीय सामन्यांत स्कोअर लगेच दिसतो, तो कसा?

तिथे चालू फ्रेमची पद्धत वापरतात. स्ट्राइकला लगेच ३०, पुढे काहीही होवो. स्पेअरला १० अधिक त्याच फ्रेमच्या पहिल्या बॉलच्या पिना, म्हणजे ९-स्पेअरला १९ आणि ५-स्पेअरला १५. ओपनला पडल्या तेवढ्या. दहाव्यात जादा बॉल नाही, आणि दहा स्ट्राइकना ३००. प्रेक्षकाला समजायला ही पद्धत सोपी आहे, हे मान्य. पण तीत सलग स्ट्राइकचे वेगळे मोल उरत नाही, म्हणून आम्हाला जुनीच जास्त प्रिय.

लहान मुलांसाठी गटर झाकले तर, किंवा 'नो-टॅप' खेळलो तर?

कडेला आडव्या पट्ट्या लावून गटर बंद केले तर यंत्र नेहमीप्रमाणेच मोजते, फक्त तो स्कोअर सरासरीत किंवा स्पर्धेत धरत नाहीत. ९-पिन नो-टॅपमध्ये पहिल्या बॉलला ९ पडल्या तरी स्ट्राइक धरतात. घरगुती स्पर्धेला छान, पण तिथल्या २०० ची गाठ नेहमीच्या २०० शी घालू नये.

हाताने मोजायचा सराव कसा करावा?

दहा चौकटी आखा, आधी फक्त वरची लहान घरे भरा आणि मग डावीकडून बोनस पाहत खालची बेरीज लिहा. बोनस पूर्ण झाल्याशिवाय खालचे घर भरू नका.

हा गेम सोडवा: ×, ×, ×, ८, १, -, /, ×, ७, /, ९, -, ×, ९, /, ×.

चालू बेरीज अशी येते: ३०, ५८, ७७, ८६, १०६, १२६, १४५, १५४, १७४, १९४. उत्तर २०१ आले असेल तर पाचव्या फ्रेमला तुम्ही स्ट्राइक धरले आहे. १८४ आले तर त्याच फ्रेमचा बोनस द्यायचा राहिला. २०४ आले तर दहाव्यातला शेवटचा स्ट्राइक दोनदा मोजला गेला.